पॉइंट कोणी ठरवायचे

अण्णा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमच्याशी बोलायची अशी गरज कधी पडली नव्हती. आई होती तोवर तुमच्याबद्दलचं सगळं बोलणं तिच्याशीच व्हायचं. आता तीही नाही. आणि यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मला इन्सुलिन चालू झालं. गोळ्यांवर बरीच वर्षं निघाली, मग गोळ्या पुरेनाशा झाल्या. तुमच्या जावयांनी ते फार सहज घेतलं. "आजकाल घरोघरी आहे," असं म्हणाले आणि फ्रिजच्या दारातली लोणच्याची बरणी काढून तिथं जागा करून दिली. मी त्या रिकाम्या जागेकडं बघत उभी राहिले. मला कारखान्याच्या कॉलनीतलं आपलं स्वयंपाकघर दिसत होतं. मोरीशेजारी ठेवलेला मोठा माठ, त्यात ओली वाळू, वाळूत रुतवलेलं बारकं गाडगं आणि गाडग्यात तुमच्या औषधाची बाटली. उन्हाळ्यात लाइट दिवसदिवस जायची, तेव्हा आई येता-जाता त्या वाळूवर तांब्याभर पाणी सोडायची. आपल्या पिण्याच्या पाण्याआधी तुमच्या बाटलीचं पाणी.

डॉक्टर म्हणजे एक मुलगीच आहे, माझ्या मुलीच्या वयाची. माहेर भूमकडचं, त्यामुळं बोलणं आपल्यासारखं. मी शाळेत शिकवते हे कळल्यापासून मला 'बाई' म्हणते. तिनं पेन दाखवलं. आता बाटली नाही, सिरिंज नाही. पेनाची मागची चकती फिरवली की खिडकीतले आकडे सरकतात आणि टक टक आवाज येतो. सुई केसासारखी. मी सगळं नीट ऐकत होते, मान डोलवत होते. मग ती म्हणाली, "रोज सकाळी उपाशीपोटी शुगर बघायची, बाई. सलग तीन दिवस जास्त आली तर दोन युनिट वाढवायचे. कमी आली, घाम सुटला, थरथरलं, तर कमी करायचे. दर वेळी माझ्याकडं यायची गरज नाही. तुमचा डोस तुम्हीच ठरवायचा."

मी "हो" म्हणाले. पेन पर्समध्ये टाकून चेन लावली.

तिला काय सांगणार होते मी? आपल्या घरात डोस ठरवण्यावरून काय काय झालं, ते दवाखान्याच्या खुर्चीत बसून, बाहेर दहा माणसं खोळंबलेली असताना सांगण्यासारखं नव्हतं. आणि त्यातलं अर्धं तर तुम्हालाही माहीत नाही, अण्णा. म्हणून हे लिहितेय.

तुम्ही कारखान्यात पॅनवर होतात. उसाचा रस बंद कढईत वाफेवर आटवत न्यायचा आणि त्याचा दाणा धरायचा, हे तुमचं काम. मी लहान असताना एकदा तुम्ही मला वर नेऊन दाखवलं होतं. कढईच्या अंगातून एक लांब दांडी ओढून काढायची, तिच्या टोकावरचा तांबूस पाक काचेच्या तुकड्यावर पसरायचा, काच उजेडाला धरायची, मग तोच पाक अंगठा आणि बोटाच्या मधे चोळायचा आणि सांगायचं, अजून थांबा, किंवा आता सोडा. इंजिनिअर लोकसुद्धा तुम्हाला विचारून पॅन सोडायचे. "हाताला कळतंय," एवढंच तुम्ही म्हणायचात. पुढं शुगर निघाली, इन्सुलिन लागलं, तेव्हा तुम्ही तीही तशीच हाताला कळून घ्यायला लागलात. तळपायाची आग झाली, चार पॉइंट जास्त. अंग हलकं वाटलं, चार कमी. आपण सगळे पॉइंटच म्हणायचो, युनिट हा शब्द मी फार उशिरा ऐकला. शुगर तपासायची म्हणजे सहा-सहा महिन्यांनी, तीही लॅबमध्ये. मधल्या दिवसांत तुमच्याकडं तळपाय, डोळे आणि जिभेची कोरड एवढंच होतं.

आणि तुमचं पण काय चुकत होतं? डॉक्टरांनी सांगितलेलं, सकाळी जेवणाआधी आणि संध्याकाळी जेवणाआधी. पण गळीत हंगाम चालू असला की तुमची सकाळ दर आठवड्याला जागा बदलायची. पहिली पाळी असली की सकाळी, तिसरी असली की दिवस बुडताना. रातपाळी करून आलेल्या माणसाची सकाळ कोणती, हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि तुम्ही विचारलं नव्हतं. तुम्ही तुमच्या हिशोबानं सुई पुढं-मागं करत होतात, आणि बरेच दिवस ते निभावलंही.

तो दिवस मला आजही तुकड्यातुकड्यांनी आठवतो. माझी बारावीची परीक्षा होऊन गेलेली. आदल्या दिवशी कॉलनीत कुणाचं तरी लग्न, तुम्ही बुंदी खाल्ली, आईनं डोळे वटारले तरी परत मागून घेतली. सकाळी तुम्ही चुलीसमोर बसून सिरिंज भरत होतात. आई म्हणाली, "अवं, किती भरताव?" तुम्ही हसून म्हणालात, "कालचं ग्वाड आज मारून काढतो." आणि पहिल्या पाळीला गेलात. दुपारी जेवायला आला नाहीत. बदली माणूस आला नव्हता आणि पॅन सोडायच्या बेतात होता, म्हणून तुम्ही जागा सोडली नाही. आईनं डबा देऊन मला पाठवलं. दारावरच्या वॉचमननं ओळखून आत सोडलं.

लोखंडी जिना चढून वर आले. वर वाफ, गरम गुळचट वास, आणि सगळे घामानं निथळत होते. तेच तर झालं, अण्णा. तिथं प्रत्येकजण भिजलेलाच असायचा, त्यामुळं तुमचा घाम कुणाला वेगळा दिसलाच नाही. तुम्ही काच उजेडाला धरून उभे होता. काचेवर काहीच नव्हतं. कोरडी काच. तुम्ही तिच्याकडं बघून हसत होतात. मी म्हटलं, "अण्णा, डबा." तुम्ही वळलात आणि मला म्हणालात, "ताई, कुणाकडं आलाव?"

मला वाटलं चेष्टा करताय. मी हसलेसुद्धा. मग तुमचा चेहरा कडक झाला. "हितं बायामान्सांना मनाई हाय. कुनी सोडलं तुमाला? चला, खाली उतरा." असं म्हणत तुम्ही माझ्याकडं न येता उलट्या बाजूला चालायला लागलात, जिथं कठडा संपतो तिकडं. तुमच्यासोबत काम करणारे चाचा, आपल्या मागच्या चाळीतले, त्यांनी धावत येऊन तुमच्या कमरेला मिठी घातली. तुम्ही त्यांना ढकलत होतात, शिव्या देत होतात. तुम्हाला मी शिवी देताना कधी ऐकलं नव्हतं. चाचा ओरडले, "शुगर उतरी है इनकी, साखर लाव कोई!" खालच्या मशिनीवरून एकानं ओंजळभर गरम, ओलसर साखर आणली. तुम्ही तोंड उघडेनात. मी तुमच्या ओठाला साखर लावत राहिले, तुम्ही चाटत राहिलात, मग हळूहळू गिळायला लागलात. किती वेळ गेला माहीत नाही. तुम्ही खाली बसलात, माझ्याकडं पाहिलंत आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणालात, "कवा आलीस, माय?"

त्यावर तुम्ही घरी एक शब्द बोलला नाहीत. मलाही दटावलंत, "आईला सांगायचं न्हाय." पण चाचांनी संध्याकाळी येऊन आईला सगळं सांगितलं. पुढच्या बाजाराला तुम्ही माझ्यासाठी घड्याळ आणलंत, पांढऱ्या तबकडीचं. कशासाठी ते सांगितलं नाहीत. मी विचारलं नाही. मला कळलं होतं, आणि ते घालताना दर वेळी मला तो 'ताई' शब्द ऐकू यायचा. तुम्हाला पॅनवरून काढून गोडाऊनला बसवलं, तेही तुम्ही निमूट ऐकलं.

त्यानंतर आई बदलली. तुमच्या लक्षात आलं होतं का? तुम्ही झोपलात की ती तुमच्या कपाळाला हात लावून बघायची, घाम आहे का. तुम्ही मोरीत गेलात आणि जरा वेळ लागला की दाराबाहेर उभी राहायची. पुढं वर्षभरात तुमचे डोळे अंधुक झाले, सिरिंजवरच्या रेघा दिसेनात, तेव्हा भरायचं काम तिनं घेतलं. डोस सांगायचे तुम्ही, भरायची ती. बाटली हलवायची नाही, तळहातांमधे फिरवायची, हे तुम्हीच तिला शिकवलंत. शुगर काही उतरत नव्हती. डॉक्टर म्हणायचे, एवढं इन्सुलिन घेऊनसुद्धा कशी उतरत नाही? तुम्ही तळपायाच्या आगीवरून आकडा वाढवत राहिलात. वीस. चोवीस. तीस.

मी तेव्हा डी.एड.ला होते. सुट्टीत आले होते आणि भूमकडं मामा वारल्याचा निरोप आला. आई रडत रडत एस.टी.नं गेली. जाताना मला म्हणाली, "अण्णाचं बग." बाकी काही सांगितलं नाही. सांगायच्या मनःस्थितीत ती नव्हती, असं मी आजही धरून चालते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पाटावर बसून शर्टाची बाही वर केलीत. "तीस भर." मी विचारलं, "तीस?" "व्हय. तुजी आई रोज भरती." मी बाटली तळहातात फिरवली. सिरिंज उजेडाला धरून रेघ अन् रेघ बघितली, टिचकी मारून बुडबुडा काढला. बरोबर तीस होते, अण्णा, तेवढेच तुमच्या दंडात टोचले. तुम्ही भाकरी-पिठलं खाल्लंत, नेहमीपेक्षा कमी, मामाच्या बातमीनं तुम्हालाही जेवण गेलं नव्हतं. मी मागं कपडे धुवायला गेले. भांडं पडल्याचा आवाज आला. मला वाटलं मांजर. मग दुसरं पडलं.

तुम्ही स्वयंपाकघरात आडवे पडला होतात आणि तुमचे हातपाय आपोआप झटके देत होते. डोळे उघडे, पण त्यात कोणी नव्हतं. दात घट्ट बसलेले. पॅनवर निदान तुम्ही बोलत तरी होता. मी साखरेचा डबा ओढला, बोटांनी तुमच्या दातांवर साखर घासली, ती लाळेबरोबर बाहेर आली. माझं बोट फुटलं ते मला नंतर दिसलं. मी इतकी ओरडले की अख्खी चाळ आली. चाचांनी कुणाची तरी जीप थांबवली. धाराशिवला पोचेपर्यंत तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि मी खिडकीबाहेर बघत होते, कारण तुमच्याकडं बघितलं तर तुम्ही गेलेले दिसाल असं मला वाटत होतं. दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज दिलं आणि तुम्ही डोळे उघडले.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "किती दिलं होतं?" मी म्हटलं, तीस. "रोज तेवढंच घेतात?" तुम्हीच खाटेवरून म्हणालात, "व्हय, रोज तीस." त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी तीसपेक्षा जास्त भरलं असणार, असं सगळ्यांना वाटलं ते मला कळलं. आणि तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलात, "पोरगी हाय, घाबरून चुकली असंल. तिला काय बोलू नगा." तुम्ही माझी बाजू घेत होतात. त्या बाजू घेण्यानंच ते पक्कं झालं, की माझ्या हातून चुकलं.

आई परत आली. तिला सांगितलं की तीस भरले होते. ती उंबऱ्यावरच बसली. मला रागावली नाही, माझ्याकडं बघितलंही नाही. पदरानं तोंड झाकून बसून राहिली. मला वाटलं, तिला माझा इतका राग आला आहे की बोलवत नाही. भरायचं काम परत तिच्याकडं गेलं, आणि त्यानंतर मी कधी सिरिंजला हात लावला नाही. माझ्या लेकरांच्या तापाच्या औषधाचं झाकण भरतानासुद्धा मी तुमच्या जावयांना हाक मारायचे.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. चपलेचा खिळा पायात घुसला आणि तुम्हाला कळलंच नाही. आईला मोज्यावर डाग दिसला तेव्हा पाय आतून गेला होता. सोलापूरला नेलं, गुडघ्याखाली कापला, तरी विष वर चढतच गेलं आणि तुम्ही घरी परत आला नाहीत. त्या वॉर्डात तुम्ही मला म्हणालात, "एवढे पॉइंट घेऊन बी कसं काय झालं गं हे?" मला उत्तर माहीत नव्हतं. आईला माहीत होतं. ती तुमच्या उशाशीच बसली होती.

तिनं मला सांगितलं ते फार वर्षांनी. ती माझ्याकडं राहायला आली होती, मला तेव्हा नुकत्याच गोळ्या चालू झाल्या होत्या. दुपारी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. मी सहज म्हणाले, "गोळ्या कितीही देऊ देत, सुई नको. एकदा माझ्या हातून चूक झालीय."

आई मेथीच्या काड्या मोडत राहिली. मग म्हणाली, "तू न्हाय चुकलीस. तू बराबर भरलंस."

"म्हणजे?"

"म्या कमी भरायची. ते तीस म्हनायचे, म्या सोळाच भरायची. पानी हाय ते, कुनाला दिसतंय. ते वाढवत गेले, म्या वाढवलंच न्हाय."

मला पहिल्यांदा कळलंच नाही ती काय म्हणतेय. मी विचारलं, "अगं, मग सांगितलं का नाहीस? त्यांना नाही, निदान मला?"

"काय सांगू? लई भ्या वाटायचं गं. त्या पॅनवर त्यांनी तुला वळखलं न्हाय, पोटच्या पोरीला. म्या म्हनलं, शुगर जास्त असली तर मानूस हळूहळू झिजंल, पन सकाळी उठून मला हाक तरी मारंल. कमी झाली तर तितंच संपलं." मग निवडलेली मेथी पुढ्यात ओढत म्हणाली, "पाय कापला तवा सांगनार हुते. तोंड उघडलं न्हाय."

अण्णा, मला राग यायला पाहिजे होता. इतकी वर्षं तिनं ती चूक माझ्या डोक्यावर राहू दिली. पण मला राग आला नाही. मला भीती वाटली, कारण तिचं बोलणं मला पटत होतं. तिच्या जागी मीही तेच केलं असतं. तुम्ही एका टोकानं आकडा वाढवत होता, ती दुसऱ्या टोकानं धरून बसली होती, डॉक्टर बिचारे मधे कोड्यात, आणि एक दिवस ती गावाला गेली तेव्हा तुमचा खरा आकडा तुमच्या अंगात गेला, माझ्या हातानं. तुम्हाला हे सांगायला आता मीच उरलेय. आज सांगितलं. तिच्यावर रागावू नका. ती शेवटच्या दुखण्यात ग्लानीत होती तेव्हाही तुमच्या नावानं विचारायची, "घाम आलाय का त्यांना?"

तर मी ते पेन घेऊन घरी आले. पहिला डोस डॉक्टरनं ठरवलेला, तो मी घेत राहिले. रोज सकाळी बोट टोचून शुगर बघायची, आता घरीच मशीन असतं, ठिपकाभर रक्तात आकडा येतो. आकडा जास्त यायचा. तीन दिवस झाले, आठवडा झाला, तरी जास्तच. मला दोन युनिट वाढवायचे होते. चकती फिरवून मी पुढच्या आकड्यावर न्यायचे, आणि मला स्वयंपाकघरातली पडलेली भांडी ऐकू यायची. चकती मागं आणायचे. असं बरेच दिवस चाललं. मग माझ्याच डोळ्यांपुढं सकाळी धूसर यायला लागलं, वर्गात फळ्यावर लिहिलेलं मलाच वाचता येईना, आणि एके दिवशी चपलेत खडा होता तो मला घरी येऊन चप्पल काढल्यावर दिसला. तो खडा तळहातावर घेऊन मी तिथंच बसले. आईला ज्या मरणाची भीती वाटत होती ते एक, आणि तुम्हाला जे आलं ते दुसरं. दोन्ही माझ्या घरात शिरलेली होती.

दवाखान्यात गेले. डॉक्टरनं मशीनमधले आकडे बघितले. "वाढवताय ना बाई?" मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि रडायलाच आलं. सगळं सांगितलं. पॅन, बुंदी, तीस, सोळा, सोलापूर. बाहेर माणसं खोळंबली होती, तिनं कंपाउंडरला दार लावून घ्यायला सांगितलं. मग म्हणाली, "तुमच्या घरात अण्णा डोस ठरवत होते आणि आई पण ठरवत होत्या. एकमेकांना सांगितलं असतं तर दोघांच्या मधला कुठंतरी बरोबर डोस सापडला असता. आणि त्यांच्याकडं हे मशीन नव्हतं."

मी म्हटलं, "ते सगळं मला कळतं. पण हात पुढं जात नाही."

"मग आधी खाली गेली तर काय करायचं ते शिकू. वाढवायचं नंतर. सरांना घेऊन या."

तुमचे जावई आले. तिनं दोघांना समोर बसवून शिकवलं. शुद्धीवर असेन तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, मग खायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, गाडी बोलवायची. हे ऐकताना मला तुमचे घट्ट बसलेले दात आठवले, आणि मी त्यात साखर कोंबत होते ते. तुमचा श्वास अडकला असता. कुणी सांगितलंच नव्हतं आपल्याला. जावई एकेक गोष्ट परत म्हणून दाखवत होते, शाळेतल्या पोरासारखी. त्यांना मी इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. लोणच्याची बरणी हलवताना ते सहज होते असं मला वाटलं होतं, ते तसं नव्हतं.

रविवारी सकाळी त्यांना समोर बसवून मी दोन युनिट वाढवले. त्या दिवशी बोटं टोचून टोचून दुखायला लागली. काही झालं नाही. पुढं परत वाढवले, परत काही झालं नाही. उपाशीपोटीचा आकडा हळूहळू खाली यायला लागला. फळा दिसायला लागला.

आणि मग ती वेळ आलीच. शाळेतून येताना बाजारात गेले, सकाळी घाईत अर्धीच पोळी खाल्लेली, दुपारचा डबा शाळेच्या कामात तसाच राहिला. भाजीवाली पैसे सांगत होती आणि मला तिचे शब्द कळत होते, पण त्यांचा अर्थ लागत नव्हता. पाठीवरून घामाची धार गेली. मला वाटलं, आता मी हिला विचारणार, ताई, कुणाकडं आलाव. शेजारी गुळाची ढेप फोडून विकणारा बसला होता. मी त्याला न विचारता एक खडा उचलून तोंडात घातला, मग दुसरा. तो म्हणाला, "अवो बाई!" मी हातानंच थांब म्हटलं आणि तिथंच पोत्यावर बसले. भाजीवाली काही न विचारता माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली. थोड्या वेळानं बाजाराचा आवाज परत नीट ऐकू यायला लागला. मी माझं नाव मनात म्हणून बघितलं, मुलांची नावं, तुमचं. सगळी होती.

घरी येऊन मी पहिलं काम केलं ते जावयांना सांगितलं. मग डॉक्टरला फोन. ती म्हणाली, "डबा राहिला म्हणून झालं असेल. तरी चार कमी करा, आठवडाभर बघू." मी चार कमी केले. आठवड्यानं परत दोन वाढवले. आता बऱ्यापैकी एका जागी आहे. पायाला रोज आरसा लावून बघते. शाळेतल्या एका शिपायालाही शुगर आहे, तो मला विचारतो, "बाई, तुमाला सुईची भीती न्हाय वाटत?" मी म्हणते, सवय होते. मुलगी पुण्याहून फोन करते, तिलाही तेच सांगते. डॉक्टर माझं उदाहरण दुसऱ्या पेशंटांना देते, ह्या बाई बघा, स्वतःचा डोस स्वतः बघतात.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. ह्यात आईचं आहे ते तुम्ही तिच्याच तोंडून ऐकावं. माझ्यापुरतं एकच सांगायचं राहिलंय, ते घरात कुणाला माहीत नाही. सुई घेतल्यावर जावई दूध आणायला जातात, मी अंघोळीला जाते. तेवढा वेळ घरात मी एकटीच असते. पडले तर त्यांना आल्यावर दार ढकलून आत येता यावं, म्हणून न्हाणीघराला आतून कडी लावत नाही.